खांबावरचे खवले

पनवेलच्या मच्छी मार्केटात मी जिच्याकडून मासे घेते, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी तिला मावशी म्हणते, ती मला ताई. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून मासे तिची सून कापते. मावशी भाव सांगते आणि मध्येच उठून मागच्या खांबाकडे तोंड करून उभी राहते. ऑपरेशनने आखडलेल्या डाव्या हाताची बोटं खांबावरून खेकड्यासारखी हळूहळू वर चढवायची, हा डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला व्यायाम. बोटं थकतील तिथे ती उजव्या हाताने माशाचा एक खवला चिकटवते. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तिचं एकच, "थांब जरा, माजा हात वर चाललाय."

खवले रोज थोडे वर सरकत होते. केमो सुरू झाल्यावर एका सकाळी ती सुनेचा खांदा धरून आली. हात जेमतेम छातीपर्यंत गेला, आधीच्या सगळ्या खवल्यांच्या खूप खाली. तिने तिथेही खवला लावला.

परवा तिचा हात डोक्याच्या वर पोचला. खालचा तो एकटा खवला मला बघवेना. विचारलं, "हा काढून टाकू का, मावशी?"

"राऊ दे," ती म्हणाली. "त्या दिसी पन मी आली व्हती."