बाबांना त्यांचंच नाव विचारलं

मंडळी, आज दुपारी मी माझ्या सख्ख्या वडिलांना त्यांचं नाव विचारलं.

मी आयर्लंडमध्ये नर्स आहे. सध्या सुट्टीवर कर्वेनगरला घरी आलेय. तिकडे सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे, नदीकाठच्या बाकावर बसायचं आणि आईला फोन लावून "मला घरी येऊन नुसतं लोळायचंय गं" म्हणायचं, हाच माझा विरंगुळा. आता घरी आहे, तर लोळता येत नाही. दुपारी अख्खी सोसायटी झोपते आणि मी पुसलेला ओटा परत पुसते.

बाबांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. थेंब घालायची वेळ झाली म्हणून हात धुतले, दारावर टकटक केलं, आत गेले आणि तोंडातून आपोआप निघालं, "नमस्कार, मी मृणाल, आज मी तुमची नर्स. पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगता का?" तिकडे पेशंटला औषध देण्याआधी हे विचारावंच लागतं.

काळा चष्मा लावून पडलेल्या बाबांनी शांतपणे सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सिस्टर, आपली ड्यूटी कधी संपते?"

मी म्हटलं, "बाबा, गुरुवारी फ्लाइट आहे."

"मग तोवर जरा बस की माझ्यापाशी."

बसले. आणि लगेच त्यांची उशी सारखी करायला उठले.

बाहेर राहणाऱ्यांनो, तुम्हाला घरी आल्यावर बसता येतं का? मी हे उभ्यानेच टाइप करतेय.