हिराजीची तेरा मिनिटं

जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नसे. देवळात सुलभा, माझी पत्नी, आत जाई आणि मी बाहेर चपला सांभाळत उभा राही. तिने कधी आग्रह केला नाही, मीही कधी थट्टा केली नाही. पण गेल्या वर्षी तिला धाप लागू लागली, तपासण्या होऊनही नीट कारण सापडेना, तेव्हा तिचा जप वाढला आणि माझी चिडचिड. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याच्याशी ही इतकं काय बोलते, असं मला वाटे.

मी पनवेलला रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षाचा प्रमुख आहे. खारघरपासून द्रोणागिरीपर्यंत आमच्या गाड्या फिरतात. फोन आला की पत्त्याजवळची मोकळी गाडी संगणक निवडतो. गाडी पोहोचायला लागणारी मिनिटं कमी करणं हे माझं काम, आणि ते मी मनापासून करत आलो. रोज सकाळी गाड्यांच्या थांब्यांचा तक्ता माझ्यासमोर येतो. विनापरवानगी थांबलेली गाडी त्यात लाल अक्षरात असते.

त्यात एक नाव रोज असे. हिराजी, इथलाच, गावातला जुना ड्रायव्हर. सकाळी दहाला पाळी सुरू झाली की विचुंब्याच्या गावदेवीसमोर त्याची गाडी सात मिनिटं थांबायची. मी त्याला बोलावून घेतलं.

"सायेब, आईला नारल दिल्याबिगर आमी गारी नाय हालवत," तो म्हणाला. "मानसांचा जीव नेतो ना आमी."

"घरून निघताना द्या."

"देवी काय माझ्या घरान हाय?"

मी वाद घातला नाही. संगणकात नियम टाकला, की पाच मिनिटांपेक्षा जास्त विनाकारण थांबलेली गाडी मोकळ्या गाड्यांच्या यादीतून आपोआप वगळली जाईल. हिराजीला कळलं तेव्हा तो हसला. "म्हंजे देवीकरं गेलो का आमी तुमच्यासाटी मेलोच!"

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, सकाळी सव्वादहाला, आमच्या शैलाने एक फोन घेतला. पत्ता टाइप करता करता ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"सर, हा तुमचा पत्ता आहे. मॅडमच बोलतायत. छातीत कळ येतेय म्हणतात."

विचुंब्यात, नव्या इमारतींमध्ये आमचं घर आहे. सुलभा एकटी होती. संगणकाने गाडी निवडली, ती रेल्वेरुळांच्या पलीकडची. अकरा मिनिटं. मग वळणावर टँकर आडवा झाला आणि अकराची एकोणीस झाली. यादीत दुसरी गाडी नव्हती. मी घरी फोन लावला, तो वाजत राहिला.

वगळलेल्या गाड्या वेगळ्या पानावर दिसतात. ते पान मीच बनवून घेतलं होतं, पण त्या क्षणी मला त्याची आठवण झाली नाही. एकोणीसच्या आकड्याकडे बघत असताना माझे हात कळफलकावरून खाली आले. आयुष्यात पहिल्यांदा मनात देवीला म्हणालो, आई, माझं सगळं करून झालं. आता तू बघ.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी मोजला नाही. मग रेडिओवर हिराजीचा आवाज आला.

"सायेब, वयनी गारीत हायेत. शुद्धीवर हायेत. डाक्टर म्हनतान हार्टचं हाय, गोली दिलीय. निंगालो आमी, तुमी सरल हास्पिटलान या."

घडलं ते इतकंच. त्या दिवशीही देवीसमोर थांबल्याने हिराजीची गाडी यादीतून वगळली गेली होती, आणि त्याचा नारळ कुजका निघाला. तसाच कसा वाहायचा, म्हणून तो दुसरा आणायला आमच्या इमारतीखालच्या दुकानापाशी गाडी घेऊन आला. नवख्या ड्रायव्हरला इमारत सापडणार नाही, म्हणून सुलभा फोन वरच विसरून लिफ्टने खाली आली होती आणि त्याच दुकानाच्या पायरीवर छाती धरून बसली होती; माझं नाव तिनेच त्याला सांगितलं. एरवी तो सात मिनिटांत निघून गेला असता. यात चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. मी फक्त क्रम सांगितला.

तिची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दुपारी ती उघडली. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी हिराजीकडे पाहिलं. त्याचे हात हातात घेतले. तो म्हणाला, "नारल कुजका निंगाला, त्याचा बी लेखी खुलासा द्यावा लागंल काय सायेब?" मी रडता रडता हसलो.

दुसऱ्या सकाळी तक्ता आला. हिराजी, विनापरवानगी थांबा, देऊळ आणि दुकान मिळून तेरा मिनिटं. लाल अक्षरात. कारणाचा रकाना मला भरायचा होता. मी लिहिलं, 'रुग्णाला घेण्यासाठी'. मग खोडलं, कारण ते खरं नव्हतं. तो रुग्णासाठी थांबला नव्हता, आणि खोटी नोंद मी कधी केलेली नाही.

थांबलेली गाडी आता यादीतून जात नाही. गावदेवीसमोरची जागा सकाळचा अधिकृत थांबा आहे. मिनिटं मी आजही मोजतो, मोजलीच पाहिजेत. पण माझी मोजणी जिथे संपते तिथे सगळं संपत नाही, एवढं मला कळलं आहे. सुलभाबरोबर मी आता आत जातो. काही मागत नाही. हात जोडून उभा राहतो, आणि तेवढा वेळ घड्याळाकडे बघत नाही.

त्या रकान्यात शेवटी मी लिहिलं, 'देवीला नारळ'. खाली सही केली.