मागच्या सीटवरची आत्या

गाडीत मोबाइल हातात घेतला की आमच्या मुलाला उलटी व्हायची. त्यामुळे तो उपाय बंद. इंदूरहून पुण्याला जायचं म्हणजे सकाळी अंधारात निघून दिवसभर गाडीत, आणि मागच्या सीटवर नऊ वर्षांचा तो आणि सहा वर्षांची त्याची बहीण. भेंड्या मानपूरपर्यंत चालायच्या. लाल ट्रक कुणाला जास्त दिसतात हा खेळ खलघाटच्या पुलापर्यंत. सेंधवा यायच्या आत एकानं दुसऱ्याचा हात चावलेला असायचा आणि स्टिअरिंगवरून ह्यांचा आवाज चढायचा, "आता दोघांना इथेच उतरवीन!" उतरवणार नाहीत हे मुलांना पक्कं ठाऊक होतं.

या रस्त्यावर मी एक खेळ काढला. आत्या-आत्या. मुलांचं मन रमावं म्हणून काढला असं मी सगळ्यांना सांगत आले. मुलं रमलीही. पण खेळ मी माझ्यासाठी काढला होता.

आत्या म्हणजे माझी मोठी नणंद, मी ताई म्हणते त्या. पुण्यात एकट्या राहायच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. आई-वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, इंजिनिअर केलं. भाऊ सांवेर रोडवरच्या कारखान्यात नोकरीला म्हणून इंदूरला आला आणि इथलीच मुलगी करून बसला. ती मी. छत्रीबागेतली. आमच्या चार पिढ्या इंदुरात झाल्या, घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत हिंदी कुठून शिरते ते आम्हालाही कळत नाही. ताईंना मात्र लगेच कळायचं.

"पोह्यांवर शेव घालतेस, म्हणजे पोह्यांत काही कमी राहिलंय हे तूच कबूल करतेस ना?"

"मुलं मम्मी म्हणतात? बरं. तुमच्याकडे चालत असेल."

मी हसायची. "हो ना ताई," म्हणायची. सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालं, सून शांत आहे. शांत! आतल्या आत मी प्रत्येक वाक्य घोळवून ठेवत होते, त्यांच्या आवाजासकट.

हे सगळं मी एखाद वेळी विसरलेही असते. साडीचं नाही.

माझी आई डोळे दाखवायला पुण्याला आली होती. शाळेतून निवृत्त झालेली बाई. लेकीच्या नणंदेकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून स्वतः महेश्वरला जाऊन, मागावर बसलेल्या बाईशी बोलून साडी आणली होती. फिकट जांभळी, बारीक काठाची. ताईंनी साडी उलगडली, बोटांनी पोत बघितला, "छान आहे" म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "मावशी, या जरा. ही घ्या, तुम्हाला घरात नेसायला होईल. इंदूरच्या पाहुण्यांनी आणलीय."

आईसमोर. माझ्यासमोर. स्वयंपाकाच्या मावशी बिचाऱ्या हात पुसत उभ्या, घ्यावी की नाही कळेना. तेव्हा माझी आईच म्हणाली, "घ्या हो. तुम्हाला शोभेल तो रंग."

 घरी आल्यावर आईनं फक्त विचारलं, "तू नंतर काही बोललीस का तिला?" मी नाही म्हटलं. "बरं केलंस," म्हणाली. पुढच्या वर्षी ती गेली. बरं केलंस हे तिनं मनापासून म्हटलं की नाही, कोण जाणे. मला ते कधीच मनापासूनचं वाटलं नाही.

तर खेळ असा. एकानं आत्या व्हायचं. माझी ओढणी पदरासारखी खांद्यावर, माझा चष्मा नाकाच्या टोकावर. दुसरा इंदूरचा पाहुणा. टोलनाका आला की अदलाबदल. आणि गाडी चालवणाऱ्या पापाला जो हसवेल तो जिंकला.

"या या. चपला बाहेर. बाहेर म्हणजे दाराच्या बाहेर, दारात नव्हे."

"नमस्ते आत्या! ये लो, शेव आणली."

"शेव? पुन्हा? आमच्याकडे पुण्यात शेव मिळत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

हे हसायचे. "बस रे बस, माझी बहीण आहे ती," म्हणायचे आणि स्टिअरिंगवर हात आपटून पुन्हा हसायचे. मी मागे वळून शिकवायची, "तसं नाही. आवाज जरा नाकात. 'अगं' म्हणालीस की थांब. समोरच्याला घाबरू दे, मग पुढचं बोल." मुलगी एका खेपेत शिकली. मुलाला दोन दिवाळ्या लागल्या, पण मग तोही तयार झाला. साडीचा प्रसंगही मीच बसवून दिला. खरं कुणाशी काय घडलं ते सांगितलं नाही, नुसती वाक्यं दिली. ह्यांनाही ठाऊक नव्हतं, हे तेव्हा इंदूरला कामावर होते आणि नंतर मी बोलले नव्हते. त्यांना वाटायचं, बायकोची कल्पनाशक्ती.

बारा-पंधरा तासांचा रस्ता कसा निघून जायचा कळायचं नाही. पुण्याला पोचलो की मी ताईंच्या पाया पडायची आणि मुलं माझ्याकडे बघून खुसखुसायची. काय मजा यायची मला! वर्षभराचं साठलेलं दिवसभरात फेडून मी त्या घरात पाऊल टाकायची.

मग ताई निवृत्त झाल्या. गुडघे धरले होते, तिसऱ्या मजल्याचा जिना होईना. ह्यांच्या मनात आलं, ताईला इंदूरलाच आणू. इंदूरच्या लालबागजवळ आम्ही राहतो त्या इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता. मला विचारलं. मी म्हटलं, "आणा ना. त्यांचंच घर आहे." म्हणजे आता रोज. सकाळच्या पोह्यांपासून.

त्या दिवाळीला पुण्याहून निघताना फ्लॅट बघायला म्हणून ताई आमच्याबरोबर गाडीत बसल्या. गुडघ्यामुळे त्या पुढे, मी मागे दोघांच्या मध्ये. खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या फार चांगल्या वागल्या. नाशिकपर्यंत मुलांना संत्री सोलून देत होत्या, ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. पापा शाळेतून पळून आला होता हे ऐकून मुलं खिदळत होती. मला ते सोसेना. मला त्या वाईटच हव्या होत्या.

धुळं मागे पडल्यावर मुलं कंटाळली. ताईंनी मान वळवून विचारलं, "एरवी काय खेळता रे तुम्ही गाडीत?"

"आत्या-आत्या!" मुलगी ओरडली.

मुलानं तिला कोपर मारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यानं बहिणीचं तोंड दाबलं असतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"अगं काही नाही ताई, आपलं असंच," हे म्हणाले.

"असंच म्हणजे? माझ्या नावाचा खेळ आणि मला नाही दाखवणार? खेळा की."

आणि ते खेळले. चपलांचं झालं, शेवेचं झालं. ताई मोठ्यानं हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, मी अशी बोलते? इतकी खडूस?"

"सेम टू सेम, आत्या!"

"चांगलं पकडलंय गं बाई."

ह्यांचे आखडलेले खांदे सैल झाले. तिथे थांबलं असतं तर सगळं ठीक होतं, कदाचित ठीकपेक्षा जास्त. पण मुलीला टाळ्या मिळाल्या होत्या. "दादा, अब साडीवालं!"

माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. त्याचं झाकण लागलेलंच होतं. मी ते काढून पुन्हा लावलं.

मुलानं चष्मा नाकावर घेतला. "छान आहे. मावशी, या जरा. ही घ्या, तुम्हाला घरात नेसायला होईल. इंदूरच्या पाहुण्यांनी आणलीय."

आणि माझी मुलगी, माझ्या आईचा आवाज जिला धड आठवतही नसेल, मी शिकवल्याबरहुकूम मान खाली घालून हळूच म्हणाली, "घ्या हो. तुम्हाला शोभेल तो रंग."

"हे काय, कधी झालं?" हे हसत म्हणाले.

ताईंच्या समोरच्या, उन्हाच्या झडपेतला आरसा उघडा होता. त्यात त्यांनी मला बघितलं आणि मी त्यांना. या वेळी मी नजर वळवली नाही. कपाळापासून मानेपर्यंत त्यांचा रंग उतरला ते मी सगळं बघितलं. पोट भरून बघितलं.

"आत्या, हसली नाहीस तू. कोण जिंकलं?" मुलीनं विचारलं.

"तू गं," ताई म्हणाल्या, आणि इंदूर येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

फ्लॅट त्यांनी बघितला. उजेडाचं, पाण्याचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाल्या, "मला इथलं हवापाणी मानवायचं नाही रे." ह्यांनी हात जोडले, रागावले, शेवटी बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी चहा करत होते. ताई ओट्याशी आल्या.

"तुझ्या आईला त्याच संध्याकाळी फोन करणार होते मी."

"केला नाहीत."

"नाही केला." त्यांनी उकळत्या चहाखालचा गॅस बारीक केला. "तू मला तोंडावर बोलली असतीस, तर ऐकून घेतलं असतं मी. पोरांच्या तोंडून का बोललीस?"

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. "कारण त्यांच्या तोंडून तुम्हाला लागणार होतं."

त्यांनी मान डोलावली. "लागलं," म्हणाल्या, आणि आपला कप उचलून बाहेर गेल्या.

त्या पुण्याला परत गेल्या त्या कायमच्या. त्या सकाळी मी पोहे केले आणि मूठभर शेव जास्तच घातली. हे लिहिताना लाज वाटायला हवी, आणि वाटतेही, पण पोहे चांगले लागले होते हेही तितकंच खरं आहे. आजही ताईंना फोन करावासा वाटत नाही. तिसरा मजला त्या अजून धरून धरून चढतात, ते ऐकून मी भाजी निवडत राहते. जे टोचतं ते ताईंचं नाही. मुलांचं टोचतं. मुलगा अकरावीत असताना एकदा जेवता जेवता थांबला.

"मम्मी, वो साडीवाली बात... सच्ची झाली होती?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं, आत्याला कळेल?"

"हो."

"मतलब, आम्हाला यूज केलंस."

मी ताटाकडे बघितलं. तो उठला, हात धुतले. त्याच्या ताटात अर्धी पोळी तशीच होती. त्यानंतर त्यानं माझ्यासमोर कुणाची नक्कल केली नाही. कॉलेजातल्या सरांची, शेजारच्या 'भिया-भिया' करणाऱ्या काकांची, कुणाचीच. बहिणीला त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण काही दिवसांत तिचीही बंद झाली.

आता दिवाळीला हे भाऊबीजेसाठी पुण्याला जातात, मुलंही जातात. मी काही ना काही काम काढून मागे राहते, आणि चल म्हणून कुणी आग्रह करत नाही. गेल्या वर्षी ते परत आले तेव्हा मी खाली फाटकाशी उभी होते. गाडी आत वळली, काचा खाली होत्या. हे आणि मुलगा हसत होते, हे तर स्टिअरिंगवर हात आपटून. मागच्या सीटवर माझी मुलगी ओठ घट्ट मिटून, मान किंचित कलती करून बसली होती, पाहुण्यांसमोर मी बसते अगदी तशी. "हो ना ताई," ती म्हणाली, आणि मुलगा हसून हसून सीटवर आडवा झाला.

मग तिला मी दिसले. तिनं घाईघाईनं चेहरा सैल केला.

"काय चाललं होतं एवढं?" मी विचारलं.

"कुछ नहीं मम्मी, पापा जोक सांगत होते."

ह्यांना उभ्या जन्मात एक जोक सांगता आलेला नाही. हे डिकी उघडायला मागे गेले. मी दोन पिशव्या उचलल्या आणि त्यांच्या आधी जिना चढून वर आले.