एक हात पाठीमागे

"एक हात पाठीमागे," असं म्हणूनच अण्णा अँप्लिफायरचं झाकण काढायचा. चालू मशीनमध्ये दोन्ही हात घातले की करंट छातीतून जातो, म्हणून डावा हात मागे पट्ट्यात खोचलेला आणि काम सगळं उजव्या हातानं. समोर उभ्या गिऱ्हाइकानंही तसंच उभं राहायचं, हा दुकानाचा नियम. बंगळुरातल्या आमच्या पेठेत सगळे त्याला अण्णा म्हणायचे आणि त्याच्या उजव्या हाताला भ्यायचे.

कारण तो हात मारायलाही तेवढाच तयार होता. एकानं फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून आणली होती. अण्णानं ती पाहिली आणि काउंटरवरून वाकून त्याच्या मुस्कटात भडकावली. मग स्वतःच चहा मागवला. "घर जळालं असतं की तुझं. साखर चालते ना?" तो माणूस गाल चोळत चहा प्यायला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच येत राहिला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय काम नीट झालंसं वाटत नाही. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आज त्या गमतीची लाज वाटते.

दुकानात त्याचा धाकटा भाऊ असायचा, तिशीतला, अबोल. कुठला स्पीकर कणभर कण्हतोय ते त्याला दारातून कळायचं. "मी हात, हा कान," अण्णा म्हणायचा. वडिलांमागं अण्णानंच त्याला वाढवलं होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी माझ्या वडिलांचा जुना अँप्लिफायर तिथं नेला. बटण दाबलं की स्पीकरमध्ये धाडकन ठोका बसायचा, गाणं नंतर. अण्णानं आतली एक छोटी डबी दाखवली. "हा रिले. बटण दाबल्यावर चार सेकंद थांबायचं, आतलं सगळं शांत झालं की मग स्पीकर जोडायचा, एवढंच ह्याचं काम. तुमचा थांबतच नाही. स्वल्प माझ्यासारखा."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात भावानं बटण दाबलं. तारा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या स्पीकरला जोडलेल्या राहिल्या होत्या. ठोका बसला आणि स्पीकरचा कागदी पडदा टरकन फाटला. अण्णा वळला आणि उघड्या पंजानं त्यानं भावाच्या डाव्या कानावर मारलं. भाऊ कपाटावर आदळला. दुसरी बसली. मधे अण्णा श्वास घ्यायला थांबलाही. मग तिसरी, त्याच कानावर. कानातून रक्त मानेवर आलं. मी दोन पावलांवर उभा होतो.

तो कान गेला. भाऊ होसकोट्याच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडंच राहू लागला. अण्णा दर रविवारी बसनं जायचा आणि बंद दाराबाहेर बसून परत यायचा. माझं काम त्यानं हातात घेतलंच नाही. "तो आला की करू. त्याच्या कानाशिवाय मला नाही जमत." त्यानंतर त्यानं कुणावर हात उगारला नाही, पण आता त्याचा काय उपयोग.

सहा महिन्यांनी एका दुपारी मी चौकशीला गेलो असताना भाऊ आला. हातात लोखंडी सळई. त्यानं काउंटरची काच फोडली, फळीवरचे रेडिओ खाली ओढून ठेचले. अण्णा दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. उडालेल्या काचेनं त्याचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, ते त्यानं पुसलं नाही. सळई माझ्या अँप्लिफायरवर उठली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तो नको रे. त्यांच्या वडिलांचा आहे."

मग उजवा हात पुढं आणून त्यानं टेबलावर पालथा ठेवला. "हा घे. ह्यानं मारलं."

भावानं मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. अण्णा गुडघ्यांवर आला, पण हात त्यानं टेबलावरून काढला नाही. "अजून मार."

सळई पुन्हा वर गेली आणि तिथंच राहिली. "शिटी वाजते, अण्णा," भाऊ म्हणाला. "ह्या कानात. दिवसरात्र." मग सळई टाकून तो खाली बसला आणि त्यानं अण्णाचं डोकं छातीशी धरलं.

ऑटोत घालून दवाखान्यात त्यानंच नेलं. हातावर ट्रान्सफॉर्मर पडला, असं अण्णानं डॉक्टरांना सांगितलं. त्या हाताची बोटं पुन्हा वळली नाहीत.

माझा अँप्लिफायर शेवटी दोघांनी मिळून केला. अण्णा डाव्या हातानं दाखवायचा, सोल्डरिंग भाऊ करायचा. रिलेजवळचा सुकलेला कंडेन्सर काढून नवा बसवला. बटण दाबून भावानं उजवा कान पुढं केला. अण्णा मोठ्यानं मोजू लागला. चारला टक असा बारीक आवाज आला आणि गाणं सुरू झालं. ठोका नव्हता.

"सरी?" ठीक आहे ना, असं अण्णानं कानडीत विचारलं.

"सरी," भाऊ म्हणाला.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान भाऊ चालवतो आणि गिऱ्हाइकाला एक हात मागे घ्यायला सांगतो. अँप्लिफायर माझ्या घरी आहे. बटण दाबलं की मी अजून चारपर्यंत मोजतो. पहिल्या थपडेपासून तिसरीपर्यंत एवढाच वेळ गेला असेल. माझा एक हात नियमाप्रमाणं पाठीमागे होता. दुसरा मोकळा होता.