मुंबई राज्यातला ओटा

घाटंजीला माझ्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात कमरेइतक्या उंचीचा एक ओटा होता. तो मी पाडला. पहार माझ्या हातात नव्हती, ती भाऊजींच्या हातात होती. पण पहार उचलणारा कोण आणि उचलायला लावणारा कोण, हे कळण्याइतकं माझं वय आता झालं आहे. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांच्याइतका भविष्यकाळात राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्ही बाकीचे सगळे चालू सालात, आपापल्या गावात राहत होतो; भाऊजी घाटंजीत फक्त जेवायला आणि झोपायला येत. एरवी त्यांचा मुक्काम पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत कुठेतरी असे, आणि तिथून परतले की प्रवासाची धूळ झटकावी तसं तिथलं काही ना काही ते आमच्या अंगावर झटकत.

त्यांचं लोखंडाचं दुकान होतं. नांगराचे फाळ, साखळ्या, बादल्या, खिळे. खिळे बांधायला नागपूरहून रद्दीचे गठ्ठे येत आणि त्यांत कधीकधी इंग्रजी चित्रांची मासिकं निघत. भाऊजी इंग्रजी वाचताना अडखळत, पण चित्रं पाहताना अडखळत नसत. चांगलं चित्र निघालं की गिऱ्हाइकाला खिळे धोतराच्या सोग्यात घालून न्यावे लागत. एकदा एका पानावर भांडी घासणारं यंत्र असलेल्या घराचं चित्र निघालं. त्या पानाचा खालचा अर्धा तुकडा मात्र भाऊजींनीच सकाळी झरीकडच्या एका शेतकऱ्याला खिळ्यांसकट बांधून दिला होता. आठवडाभर त्यांना चैन पडलं नाही. पुढच्या बाजाराला तो माणूस दिसताच ते गल्ला उघडा टाकून त्याच्यामागे धावले. "अजी, थांबा जी! तो कागद कुठं हाय?" माणूस घाबरला. "कोनता कागद? बुढीनं चुलीत घातला." भाऊजी भर बाजारात मटकन खाली बसले. "अरेरे! घासलेले भांडे फळीवर मांडते कोन, तेच त त्या तुकड्यात होतं!" त्यांचा भविष्यकाळ असा नेहमी मधोमध फाटलेला असे. उरलेला अर्धा ते स्वतःच जोडत, आणि सगळी गंमत त्या जोडात असे.

दुकानासमोरच्या फळीवर बसणाऱ्या शेतकऱ्यांना ते पुढच्या शहरांचं वर्णन ऐकवत. एकदा ते म्हणाले, "पुढं मानसं एकमेकाच्या डोक्यावर राहतीन. दहा मजले, वीस मजले." फळीवरचे एक म्हातारे पाटील शांतपणे म्हणाले, "अन् बैल कुठं बांधतीन जी?" सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. कोणाच्याही प्रश्नाला हसायचं नाही, हा त्यांचा एक विलक्षण गुण होता. ते गप्प झाले, घरी गेले, जेवतानाही गप्पच होते. नंतर त्यांनी दुकानाच्या भिंतीवर कोळशाने एक इमारत काढली: दहा मजली, आणि बाहेरून सापाच्या वेटोळ्यासारखी वरपर्यंत गेलेली चढण, बैलांना चढायला. पाटलांना मुद्दाम बोलावून त्यांनी ती दाखवली. पाटलांनी बराच वेळ निरखून विचारलं, "उतरतानी बैल पाय घसरून पडला त?" भाऊजींनी चढण पुसली. शहरात बैल नसतीलच, असं त्यांना कधी सुचलं नाही. की सुचलं होतं आणि पाटलांना सांगवलं नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरातही त्यांनी भविष्यकाळ थोडाथोडा आणून बसवला होता. छपरावर एक मोठं पिंप होतं, त्यातून नळी काढून न्हाणीघरात तोटी बसवलेली. "पुढच्या घरात पानी चालत येईन, आपन नाही जाऊ त्याच्याकडं," असं ते म्हणत. वैशाखात त्या तोटीखाली डाळ शिजली असती. आणि ते चालत येणारं पाणी आधी विहिरीपासून शिडीवरून छपरावर गड्याच्या खांद्यावर जात असे. ताई म्हणायची, "पानी चालत येते बाप्पा, पन गडी चढून चढून मरून राह्यला." पुढच्या दाराची कडी त्यांनी लांब दोरीने आणि चाकांनी खाटेशी जोडली होती, म्हणजे पाहुणा आला की पडल्यापडल्या दार उघडता यावं. ती दोरी अंगणातून जात असे. शेजारच्या म्हशीने तिला पाठ घासली की दार सताड उघडे आणि भाऊजी आतून झोपेतच म्हणत, "या, या, बसा." एकदा म्हैस खरोखरच आत आली आणि बसली.

या सगळ्याला मी हसत असे. यवतमाळला शाळेत मास्तर होतो. चार पुस्तकं वाचली होती. भविष्यकाळाबद्दल बोलायचा अधिकार माझ्यासारख्याचा, लोखंडवाल्याचा नव्हे, असं मनातून वाटे. पण खरं सांगायचं तर घाटंजीहून परतताना मोटारीत मी त्यांचेच प्रश्न घोळवत बसायचो. घरातलं सगळं काम यंत्रांनी केलं, तर संध्याकाळी घरातली माणसं एकमेकांशी कशाबद्दल भांडतील? विसाव्या मजल्यावरच्या बाईला शेजारणीकडून विरजण मागायचं असलं, तर ती कोणत्या मजल्याला हाक मारील?

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीजेला मी घाटंजीला पोचलो तर स्वयंपाकघरात ताई उभी. चूल जमिनीवरून उठून विटांच्या आणि काळ्या फरशीच्या ओट्यावर जाऊन बसली होती आणि ताई तिच्यापुढे उभ्याने पुऱ्या तळत होती. मी असं दृश्य पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बाई चुलीपुढे बसते. उभी राहते ती घाईत असली किंवा रागात असली तर.

"हे काय?" मी विचारलं.

"आता आपन मुंबई राज्यात आलो ना, मास्तर," भाऊजी म्हणाले. "मुंबईत असंच रांधतेत. म्या सगळे चित्रं पाह्यले. बाई उभी असते. बसेल एक बी नाही."

सण म्हणून घर पाहुण्यांनी भरलं होतं. भाऊजींच्या एक म्हाताऱ्या काकू माजघरातून म्हणाल्या, "उभ्यानं रांधलेलं देवाले कसं दाखवाव, बाप्पा?" कोणीतरी म्हणालं, "पुढच्या दिवाळीले घोड्यावर बसून रांधाले लावतीन." हशा झाला. त्या हशात मला माझी बहीण दिसली, घामाघूम, वाफेत उभी, काही न बोलणारी. माझं रक्त तापलं. मी तिचा एकुलता भाऊ होतो, वडील नव्हते, आणि वर्गात बोलायची सवय होती. मी चारचौघांसमोर भाऊजींना म्हणालो, "पाठ न आलेल्या पोराला आम्ही बाकावर उभं करतो. माझ्या बहिणीला तुम्ही कोणता पाठ विचारला होता? दोरीनं दारं उघडा, भिंतीवर बैल चढवा, आम्ही हसून सोडून देतो. पण तुमच्या खेळण्यात माझ्या बहिणीला घालू नका. ही चूल खाली आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही आणि ओवाळूनही घेणार नाही."

भाऊबीजेच्या दिवशी दारात आलेला भाऊ न ओवाळता परत जाणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं. काहीतरी बोलण्यासाठी त्यांचे ओठ हलले आणि ताईने मान हलवली, अगदी थोडी. "बापूचं ऐका," ती म्हणाली. मला वाटलं, बिचारी इतके दिवस हेच म्हणायची वाट पाहत होती.

भाऊजींनी दुकानातून पहार आणली. ओटा नवा होता, चुना अजून पुरता वाळला नव्हता, फार वेळ लागला नाही. मी पाटावर बसलो. ताईने मला ओवाळलं. खाली वाकताना तिने एक हात भिंतीला टेकला होता. तो मी पाहिला आणि मला वाटलं, तिला भरून आलं आहे.

त्यानंतर चारपाच वर्षं मी दिवाळीला आणि मधूनमधूनही घाटंजीला जात राहिलो. प्रत्येक वेळी आधी पत्र टाकायचो. चूल जमिनीवर असे, ताई तिच्यापुढे बसलेली असे, माझा पाट चुलीजवळच मांडलेला असे आणि मी समाधानाने जेवत असे. पाटाखालची जमीन थोडी पोकळ वाजते असं एकदोनदा वाटलं होतं; जुन्या घरात घुशी असायच्याच, म्हणून सोडून दिलं. भाऊजी माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत, चित्रं दाखवत. फक्त स्वयंपाकघराचा विषय आला की दुसरीकडे वळत.

मग एका उन्हाळ्यात शाळेच्या कामाने जवळच्या एका गावी गेलो होतो, परतीची मोटार चुकली आणि न कळवता ताईकडे गेलो. दार उघडंच होतं. हाक मारत सरळ स्वयंपाकघरात शिरलो. ताई जमिनीत होती.

दुसरे शब्द मला सापडत नाहीत. कमरेपासून खाली ती जमिनीत होती आणि कमरेपासून वर भाकरी थापत होती. चुलीपुढे फरशी लावलेला एक चौकोनी खड्डा होता, त्यात उतरायला रुंद पायऱ्या, धरायला आढ्याला बांधलेला जाड दोर. चूल जमिनीवरच होती आणि बरोबर तिच्या कोपरांच्या उंचीला आली होती. खड्ड्यावर बसणारं, वरून शेणाने सारवलेलं फळ्यांचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं. दर वेळी माझा पाट त्याच झाकणावर मांडलेला असे.

"बापू! चिठ्ठी न टाकता कसा आला रे?" ताईचा हात पिठातच राहिला.

"ताई, हे काय आहे?"

"खड्डा हाय."

"ते दिसतंय. पण कशाला?"

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "माहे गुडघे गेले रे. ओटा बांधला त्याच्या आंधीच गेलते. खाली बसलं का उठता येत नाही, उठलं का बसता येत नाही. आईले कळलं असतं त तिनं अन्न सोडलं असतं, म्हनून म्याच याईले शपथ घातली, माह्या माहेरी कोनाले सांगाचं नाही. मंग हे म्हन्ले, मुंबईचं नाव करू, लोकं मलेच येडा म्हन्तीन, तुले कोनी काही म्हननार नाही."

"आणि मी..."

"तू सनाचा रुसून चालला होता. मले काय सुचते तवा?" ती हसली. "आठ दिवस तुहे भाऊजी जेवले नाही धड. मंग एक दिवस म्हन्ते, मास्तर चूल वर जाऊ देत नाही ना, मंग जमीनच खाली नेऊ. तुहं पत्र आलं का झाकन बसवतो."

म्हणजे मी जितक्या वेळा मायेने बहिणीला भेटायला गेलो, तितक्या वेळा ती माझ्यासाठी जमिनीवर बसली होती, आणि मी गेल्यावर तिला कोणीतरी उठवलं होतं. तिने मला भाकरी वाढली. मी उभ्यानेच खाल्ली.

भाऊजींचं सगळं वेड ताईच्या गुडघ्यांसाठी होतं, असं म्हणून मी त्यांना संत करणार नाही. म्हैस ताईसाठी घरात आली नव्हती, आणि बैलांच्या चढणीशीही तिचा काही संबंध नव्हता. त्यांना भविष्यकाळ खरोखरच आवडायचा. पण पुढचं घर कसं असेल असं मी विचारत असे तेव्हा मला यंत्रं दिसत. त्यांना त्या घरात कोण दमतंय ते आधी दिसत असे. आता यवतमाळला मी नवी जागा घेतली आहे. तिथे स्वयंपाकघरात ओटा आहेच; मिस्त्रीने मला विचारलंसुद्धा नाही. माझी बायको त्याच्यापुढे उभी राहून गुणगुणत असते, आणि मी त्या खोलीत फार वेळ थांबत नाही.

त्या दिवशी ताईकडून निघून मी दुकानावर गेलो. घाटंजीत विजेचे खांब येऊन पडले होते आणि फळीवर माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांतले दोघंतिघं त्या भाऊबीजेलाही होते. अपमान चारचौघांत केला होता, तेव्हा हेही तिथेच व्हायला हवं, असं ठरवून मी समोर उभा राहिलो. माझा चेहरा पाहूनच भाऊजींना कळलं असावं. ते घाईघाईने बोलू लागले.

"बरे आले, मास्तर. बसा, बसा. आमचा वाद चालू हाय. लाईट येऊन राह्यली. आता बटन भिंतीले किती उंच लावाचं? हे म्हन्ते उभ्या मानसाच्या हाताले आलं पाह्यजे. म्या म्हन्तो, खाटेवर पडेल मानसानं काय कराव? तुमी शिकेल मानूस, तुमी सांगा."

फळीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला शिकलेलं काही आठवेना.

"भाऊजी," मी म्हणालो, "ताईले विचारा. तिचा हात जिथं पुरते तिथं लावा. अन् ओटा पुन्हा बांधा, विटा म्या आनतो. माहं चुकलं. त्या दिवशी बी चुकलं, अन् त्याच्यानंतर जेवढ्या बार आलो तेवढ्या बार चुकलं. मले माफ करा."