अण्णाची पट्टी

"माणसं दमली म्हणून गाणं पडलं? काहीतरी सांगू नका मामा! तुमची पेटी झोपली होती, आणि युनूसभाईंची ढोलकी तर मेलीच होती."

चकलांब्याच्या चारा छावणीत, भर उन्हात, चारचौघांसमोर मी हे बोललो. आमचा कार्यक्रम नुकताच संपला होता. दगडूमामा पेटीवर फडकं टाकत राहिला. युनूसभाई मान खाली घालून ढोलकीला गवसणी चढवत होते. तीस वर्षं ढोलकी वाजवणाऱ्याला त्याची ढोलकी मेली म्हणणं म्हणजे शिवीच. एरवी त्यांनी मला उभा सोलला असता, पण त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. शंका तिथेच यायला हवी होती.

मी तेव्हा दूध संघात प्रचार सहायक होतो. काम एकच, गाणी लिहायची. संघाचं कलापथक ती गावोगाव गायचं. त्या वर्षी दुष्काळ मोठा होता. सभासद जनावरं बाजारात काढू लागले होते. त्यांनी ती न विकता छावणीत आणावीत म्हणून मी एक गाणं लिहिलं. त्याचं ध्रुवपद असं:

संघ आपला, गाव आपलं, होईल आबादानी
थेंब थेंब राखा गड्यांनो, उद्याचं हेच पाणी

'पाणी'वर चाल एकदम वर जायची. आमचे गायक अण्णा तो सूर असा लावायचे की छावणीतली जनावरंसुद्धा मान वर करायची. सुरुवातीच्या तीन-चार गावांत तसं झालंही. मग गाणं हळूहळू पडत गेलं.

त्या काळात दगडूमामा दोनदा मला म्हणाला होता, "कविराज, शेवटचा शब्द बदला की. आकारान्त करा."

"कावून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"गायला बरं पडंल."

"दुष्काळाच्या गाण्यात पाणी नको? मग काय ठेवू, रॉकेल?"

मामा नुसता हसला. माझा एक शब्द इकडचा तिकडे झालेला मला खपत नसे. सगळ्या संघाला ते माहीत होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

चकलांब्याहून परत आल्यावर मी संघाच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. केजला मोठा मेळावा ठरला होता. मुंबईहून पाहुणे यायचे होते.

"गाणं चाललं नाही म्हणतात चकलांब्यात," साहेब म्हणाले.

"गाणं चांगलं आहे साहेब. अण्णांमध्ये आता दम राहिला नाही. त्यांच्यामुळे पेटी-ढोलकीही झोपते."

"मग बदला गायक. एवढं काय?"

एवढं काय, असं मलाही वाटलं. पत्र मीच लिहिलं. 'आपणांस विश्रांतीची आवश्यकता असल्याने केज येथील कार्यक्रमातून आपणांस मुक्त करण्यात येत आहे.' भाषा कशी सुबक झाली होती! शिपाई ते घेऊन नारायणगडाच्या पायथ्याला अण्णांच्या वस्तीवर गेला.

तीन दिवसांनी पशुखाद्याच्या गोदामात तालीम लावली. नवा गायक तरणाबांड होता. त्याने बसल्या बसल्या सांगितलं, "मी काळी तीनमध्ये गातो."

हे थोडं उलगडून सांगतो. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गायक ज्या पट्टीला आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. काळी तीन म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. अण्णांचीही तीच होती. ढोलकीही त्याच सुरात लावावी लागते. दोरीतल्या कड्या ओढल्या की कातडं ताणतं आणि आवाज चढतो.

युनूसभाई कड्या ओढायला बसले. ओढतायत, थाप मारतायत, पुन्हा ओढतायत. पाच मिनिटांचं काम, पण पाऊण तास झाला तरी सूर जमेना.

"एवढी उतरलेली कशी हो चाचा?" नव्या गायकानं विचारलं. "कुठल्या पट्टीत वाजवत होता?"

युनूसभाईंचे हात थांबले. त्यांनी मामाकडे पाहिलं.

"सांगून टाक बे. आता काय लपवायचं?" मामा म्हणाला.

"पांढरी दोन," युनूसभाई म्हणाले.

काळी तीनपासून पांढरी दोन, म्हणजे चार पट्ट्या खाली! एकदम कुणी एवढं उतरलं असतं तर मलाही कळलं असतं. हे दोघे दर दोन-तीन कार्यक्रमांनी अर्धा सूर खाली सरकत होते.

"अण्णाच्या गळ्यात गाठ हाय," मामा म्हणाला. "छावण्या सुरू झाल्या तवाच डागदरनं सांगितलं. वरचा सूर लागंना. त्यात तुमचं ते 'पाणी'! 'आ' म्हणताना तोंड उघडतं, सूर सुटतो. 'णी' म्हणताना गळा आवळतो. त्याला कळू न देता आमी पट्टी उतरवत गेलो. अन् ढोलकी एवढी ढिली केली की ती मेलेलीच वाजणार."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी साहेबाला सांगितलं असतं."

पत्र माझ्याच अक्षरात गेलं होतं. मला माझीच लाज वाटली. माझ्या शिव्या हे दोघं त्या माणसासाठी मुकाट खात होते.

अण्णांना परत घ्या म्हणून मी तसाच साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "पत्रिका छापून झाल्या. आता काही होणार नाही." मग मी जीप पकडून अण्णांच्या वस्तीवर गेलो.

वहिनींनी कोरा चहा दिला. "दूध संघाचा माणूस, अन् दुधाबिगर चहा," म्हणून त्या ओशाळल्या. गाय छावणीत होती. अण्णा बाजेवर बसले होते. गळ्याला पंचा गुंडाळलेला.

मी सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं, हेही सांगितलं. पट्टीचं सांगू लागलो तसा त्यांनी हात वर केला.

"म्हाईत हाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तीस वर्सं ती पेटी कानाशी हाय. उतरलेली कळायची न्हाई व्हय? पर त्या दोघांला वाटायचं मला कळंना. म्हणून मी बी गप ऱ्हायलो. लई जीव लावला बघा त्यांनी."

मला राहवेना. खिशातला कागद काढला आणि तिथेच, बाजेच्या कडेला बसून ध्रुवपद बदललं. दहा मिनिटं लागली असतील.

संघ आपला, गाव आपलं, हातात हात धरा
थेंब थेंब राखा गड्यांनो, उद्याचा हाच झरा

"म्हणून बघा अण्णा. केजचं जाऊ द्या. पुढच्या छावणीत तुम्हीच गा. साहेबांशी मी भांडतो."

अण्णांनी कागद लांब धरून वाचला. पंचा सैल केला. मांडीवर थाप देत खालून सुरुवात केली. 'उद्याचा हाच' पर्यंत आले. 'झरा'ला तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा केलं. पुन्हा हवाच. वहिनी आत निघून गेल्या.

"चांगलं झालंय," अण्णा कागदाची घडी करत म्हणाले. "म्हैनाभर आदी दिलं असतं, तर गायलो असतो."

केजचा मेळावा झकास झाला. नव्या गायकानं जुन्याच शब्दांत 'पाणी'चा सूर गगनाला भिडवला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. युनूसभाई आणि मामा कार्यक्रम उरकून पहिल्या एसटीने नारायणगडाकडे गेले. मला चला म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पाऊसकाळ लागायच्या आत अण्णा गेले.

त्यानंतर मी बरीच गाणी लिहिली. नवी लिहिणारी मुलं कधी विचारायला येतात, तेव्हा वृत्तं, यमकं यांचं मी फार सांगत नाही. गाणं लिहून झालं की गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला विचारा, कुठं अडतंय. अडत असेल तर शब्द बदला. शब्द आपल्याकडे पुष्कळ असतात.