सोयरे आणि भावकी

बीडला आमच्या क्लासमध्ये राधाकिशन सर केमिस्ट्री शिकवतात आणि मी बायोलॉजी. सर मूळचे केजकडचे, घरची बागायत, बोलणं ठसक्यात. बंध शिकवायची त्यांची रीत पोरं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन आणि हायड्रोजन म्हणजे भावकी, रक्ताचं नातं. एका रेणूचा शेजारच्या रेणूशी असलेला हायड्रोजन बंध म्हणजे नुसती सोयरीक. पाणी उकळलं की सोयरे एकमेकांना सोडतात आणि वाफ होते. भावकी मात्र वाफेतही एकत्रच राहते. डीएनएलाही ते हेच लावायचे. दोन पट्ट्या सोयरिकीनं जोडलेल्या, 'ए'ची सोयरीक 'टी'शीच, 'जी'ची 'सी'शीच. भलत्या घरी पोरगी दिली की बिघाड झालाच, असं म्हणून वर्गाला हसवायचे. मीही हसायचे.

मग त्यांच्या पोरीनं, मोहिनीनं, चौसाळ्याच्या प्रवीणशी लग्न केलं. पोरगा याच क्लासचा, सरांचा लाडका. पण बाप सटवा मेंढ्या राखणारा. सरांनी न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं आणि भावकीला तेराव्याचं जेवण घातलं. जित्याजागत्या पोरीचं तेरावं! आमच्या क्लासचे मालकही जेवून आले आणि बुंदी छान होती म्हणाले. मला त्या बुंदीची अजून शिसारी येते.

परवा मोहिनी आली. सातवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढंच तिचं मागणं. घराचं दार कुणी उघडलं नाही, म्हणून क्लासला येऊन शेवटच्या बाकावर बसली. मी दारातच होते. सर नेमके बंधच शिकवत होते. तिला पाहिलं, तरी थांबले नाहीत. कितीही उकळा, भावकी सुटत नाही, हे ठरलेलं वाक्य त्यांनी म्हटलं आणि पोरांनी ते लिहून घेतलं.

मोहिनी बाकाला धरून उभी राहिली.

"अण्णा, सोयरीक माझी चुकली आसंल. पण रगत तर तुमचंच हाय ना?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, बाहेरच्या मान्सांला वर्गात बसू देत जाऊ नका."

आणि खडूनं फळ्यावरच्या 'भावकी'खाली रेघ ओढली.